घरी बनवत असलेल्या विमानाची हायड्रॉलिक सिस्टम सोपी कशी करता येईल?

भाऊ, तुम्ही जे सर्किट लिहिलं ते वाचलं. इंजिनवर पंप, ॲक्युम्युलेटर (दाब साठवणारी बाटली), वेगळी टाकी, दोन सिलेक्टर व्हॉल्व्ह (तेल कुठे जायचं ते ठरवणारे), त्याच्यावर चाकंही आणि फ्लॅपही (पंखाच्या मागची खाली येणारी पट्टी), वरून इमर्जन्सीला हातपंप. दोन सीटच्या विमानाला एवढं? हे तर डकोटाचं, म्हणजे जुन्या दोन इंजिनांच्या मालवाहू विमानाचं सर्किट झालं. मी एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होतो, आता हिंगणा एमआयडीसीत हायड्रॉलिक सिलेंडर अन् पॉवरपॅक (मोटर, पंप, टाकी एकत्र) रिपेअर करतो, म्हणून सांगून राहिलो.

पहिले एकदा विचारा स्वतःला, चाकं आत घ्यायचीच आहेत का. आरव्ही-७ या घरी बनवायच्या विमानाची चाकं बाहेरच असतात आणि ते ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातं. लाँग-ईझी या तसल्याच विमानात फक्त पुढचं चाक आत जातं, तेही हाताने हँडल फिरवून, तेलाचा थेंब नाही. पण तुमचा विंग आधीच तसा बनलाय म्हणता, तर ठीक.

मग सुरुवात उलटीकडून करा. सगळं बंद पडलं, बॅटरी गेली, तेल गळून गेलं, तरी चाकं आपली आपण खाली पडून लॉक झाली पाहिजेत. हे एकदा पक्कं केलं की अर्ध्या वस्तूंची गरजच उरत नाही. पायपर ॲरो बघा, १९६७ पासूनचं छोटं एका इंजिनाचं विमान. त्यात चाकं वर धरून ठेवायला हुक नाही, तेलाचा दाबच धरतो, दाब सोडला की चाकं वजनाने खाली. पंप उलट-सुलट फिरणाऱ्या इलेक्ट्रिक मोटरचा, एकीकडे फिरला की चाकं वर, दुसरीकडे फिरला की खाली, म्हणजे सिलेक्टर व्हॉल्व्ह गेला, ॲक्युम्युलेटर गेला, इंजिनवरचा पंप गेला, कॉकपिटमध्ये तेलाची लाइन न येता नुसता एक स्विच येतो. तुमचा हातपंपही जाईल, त्याच्या जागी दोन्ही लाइन टाकीला मोकळ्या करणारा एक व्हॉल्व्ह. दोन्ही म्हणतो कारण चाक पडताना सिलेंडरच्या दुसऱ्या बाजूला तेल ओढता आलं पाहिजे, नाहीतर आत व्हॅक्यूम होऊन चाक मध्येच लटकतं. खालचं लॉक मात्र मेकॅनिकलच, स्प्रिंगवालं ओव्हर-सेंटर (सांधा सरळ रेषेच्या थोडा पलीकडे जाऊन अडकतो ते), तिथे दाबावर भरवसा नको.

फ्लॅपला इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर लावा न् विषय संपवा. ब्रेक या सगळ्यापासून वेगळेच ठेवा, प्रत्येक पेडलला आपला मास्टर सिलेंडर.

सिलेंडर निवडताना एक हिशोब लोक विसरतात. १ इंच बोअरला (सिलेंडरचा आतला व्यास) १००० पीएसआयवर (चौरस इंचाला पाउंड, दाबाचं माप) ढकलायला साधारण ७८५ पाउंड मिळतात, पण अर्ध्या इंचाचा रॉड (पिस्टनची दांडी) असेल तर ओढायला फक्त ५८९, कारण रॉडची जागा वजा होते. चाक वर घेताना रॉड बाहेर येतो की आत जातो ते त्यामुळे आधीच बघा.

तेल ५६०६ नंबरचं, विमानाचं लाल हायड्रॉलिक तेल, आणि सील नायट्राइल रबराचे. गाडीचं ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्यात नायट्राइल खराब होतं. फ्लेअर, म्हणजे पाइपचं पसरवलेलं तोंड, ३७ डिग्रीचं, गाडीच्या पाइपचं ४५ असतं, दोन्ही एकमेकांत घट्ट बसल्यासारखे वाटतात आणि मग गळत बसतात. एमआयडीसीत जेआयसी (कारखान्यातल्या मशीनचं) फिटिंग मिळतं, तेही ३७ च, पण आट्यांचा क्लास (अचूकपणा) विमानाच्या फिटिंगपेक्षा ढिला, स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका.

एक छोटा व्हॉल्व्ह मात्र काढू नका, थर्मल रिलीफ, तापून वाढलेला दाब सोडणारा. मे महिन्यात नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उघड्यावर विमान उभं आहे आणि लाइनमध्ये तेल कोंडलंय, तर तिथलं ऊन तुम्हाला माहीतच आहे, ताठ पाइपमध्ये एकेका डिग्रीला शंभराच्या आसपास पीएसआय चढू शकतो, ते मग सगळ्यात कच्च्या सीलवर निघतं. आणि हवेत उलटं, वर थंडीत तेल आकसतं, चाकं वर धरणारा दाब पडतो, तो भरायला पंप मधूनच घर्र करतो. कधीमधी केला तर चालतं, पण दर दोन-चार मिनिटांनी करू लागला तर सिलेंडरचं सील आतून तेल सोडून राहिलं समजा.

पुढचं चाक मागे फोल्ड होत असेल तर खाली येताना त्याला वारा मागे ढकलतो, तिथे त्याला पुढे ढकलणारा गॅस स्ट्रट (गॅस भरलेला दांडा, गाडीच्या डिकीला असतो तसा) द्यावाच लागतो. विमान जॅकवर चढवा, पंपाचा ब्रेकर ओढून वीज बंद करा, दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा आणि एकाला स्प्रिंग काटा घेऊन चाक मागे ओढत ठेवायला सांगा. किती किलोपर्यंत ओढलं तरी ते लॉक होतं तेवढं इथे लिहा, गॅस स्ट्रट किती ताकदीचा लागेल ते त्यावरून सांगतो.