कुलाबा किल्ल्यावर पायी

प्रश्न : आम्ही कुटुंबीय अलिबागला जाणार असून समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर घोडागाडीने न जाता पायी जायचे मनात आहे. त्यासाठी दिवस आणि वेळ कशी ठरवावी? आंग्र्यांच्या आरमाराच्या कामकाजाच्या खुणा तिथे उरल्या आहेत का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दिवस सुट्टी पाहून नव्हे, तिथी पाहून ठरवावा. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी येते. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी ऐन दुपारी. ही वेळ सोयीची वाटते खरी, पण अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी, असतो आणि भांगाला पाणी पुरते ओसरत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ते दूरवर हटते, मात्र तेव्हाची ओहोटी पहाटे किंवा सायंकाळी गाठावी लागते. म्हणून तृतीया किंवा चतुर्थी उत्तम : उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी सकाळी साडेआठ-नऊला सापडते. हा हिशेब ढोबळ आहे, तेव्हा किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारूनच निघावे, तेही ओहोटीच्या तासभर आधी, आणि पाणी फिरल्यावर किल्ल्यात रेंगाळू नये. पावसाळ्यात हा बेतच नको. खडकांवर कालवांच्या धारदार शिंपा असतात, त्यामुळे पट्ट्याच्या सँडल घालाव्यात.

खुणांबाबत अपेक्षा माफक ठेवावी. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला. पण १७८७ च्या आगीत आंग्रेवाडा गेला, आणि १८४२ मध्ये इंग्रजांनी इथले लाकूडकाम लिलावात काढून दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या बांधकामाला वापरले. राहिला तो तट. चुना न भरता नुसते प्रचंड चिरे एकावर एक रचलेले असल्याने लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. हे भरती चढू लागताना तटाजवळून नीट दिसते, पण तेव्हा आपण परतीच्या वाटेवर असलेले बरे. चाकांच्या गाड्यांवरील दोन तोफांपाशी बहुतेक जण आंग्र्यांच्या समजून छायाचित्रे काढतात. त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर लोखंड कारखान्याचे नाव कोरलेले आहे, आणि तो कारखाना निघाला १७९१ मध्ये, कान्होजींच्या निधनानंतर बासष्ट वर्षांनी.

जहाजांच्या कामाचीच खूण पाहायची असेल, तर देवगड तालुक्यात विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीवर जावे. तिथली मराठा आरमाराची गोदी काही खडकात खोदलेली, काही बांधलेली असून सुमारे ३५५ फूट लांब व २२७ फूट रुंद आहे.