मुलगा इंग्रजी उतारा घडाघडा वाचतो, पण अर्थ विचारला की गप्प. पाचवीच्या मुलांना कसं शिकवावं?

उतारा उघडण्याआधी पाच-दहा मिनिटं त्या विषयावर मराठीतच बोलू द्या. समजा धडा पुराचा आहे. मुंबईच्या मुलांना दादरच्या हिंदमाता भागात तुंबणारं पाणी, भरती, बंद पडलेल्या लोकल हे सगळं ठाऊक असतं. २६ जुलै २००५ च्या महापुराबद्दल घरच्यांकडून ऐकलेलंही असतं. मुलं सांगत असतानाच फळ्यावर ‘फ्लड’, ‘हाय टाइड’, ‘ड्रेन’, ‘रेस्क्यू’ लिहीत जा. मग तेच शब्द उताऱ्यात आले की मूल अडखळत नाही.

याला आधार आहे. १९८८ मध्ये रेख्ट आणि लेस्ली या संशोधकांनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचलेलं आठवून सांगण्यात वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्यांच्या पुढे गेली.

बर्फ पडण्यासारखा अनोळखी विषय असेल तर नुसत्या गप्पांनी भागत नाही, आधी चित्र किंवा छोटा व्हिडिओ दाखवा.

आणि एक कटाक्षाने पाळा. मुलं कधी कधी उतारा सोडून स्वतःला माहीत असलेलंच उत्तर ठोकून देतात. दर वेळी विचारा, “हे कुठल्या ओळीत आहे?” आणि त्या ओळीवर बोट ठेवायला लावा.