मिसळणाच्या डब्यात मोहरी किती मावते?

माझ्या लॅपटॉपला 16 जीबी रॅम आहे, पण प्रोसेसरच्या माहितीत कॅश फक्त 12 एमबी लिहिली आहे. सगळी मेमरी कॅशइतकी वेगवान का बनवत नाहीत?

कॅश म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळची छोटी, वेगवान मेमरी. सगळी मेमरी तशी न बनवण्याचे पहिले कारण पैसा. कॅशमध्ये एक बिट (0 किंवा 1) धरून ठेवायला साधारण सहा ट्रान्झिस्टर लागतात. रॅममध्ये एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक इवलासा कपॅसिटर पुरतो. तो कपॅसिटर गळका असतो, म्हणून काही मिलिसेकंदांनी त्यातला भार पुन्हा भरावा लागतो, पण जागा आणि खर्च दोन्ही वाचतात.

पैसा बाजूला ठेवला तरी अंतर उरतेच. मेमरी मोठी केली की तारा लांबतात आणि वेळ वाढतो. 16 जीबीची कॅश बांधली तरी तिला पहिल्या पातळीच्या, म्हणजे प्रोसेसरला सर्वांत जवळच्या छोट्या कॅशचा वेग येणार नाही.

हा फरक केवढा? प्रोसेसरला पहिल्या पातळीच्या कॅशमधून माहिती साधारण 1 नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) मिळते. तो नॅनोसेकंद आपण 1 सेकंद मानू, म्हणजे फोडणी करताना मिसळणाच्या डब्यातून मोहरी घेण्याइतका वेळ. मग रॅमकडे जाणे म्हणजे दीडेक मिनिट, कोठीच्या खोलीत जाऊन येण्यासारखे. एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कला, एक दिवसाच्या वर लागतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला जवळपास चार महिने, म्हणजे मोहरी पेरून, कापून घरी आणण्याइतके!

4096 × 4096 आकड्यांची बेरीज करणारा सी प्रोग्रॅम लिहिला. ओळीने बेरीज केली तर झटकन होते, स्तंभाने केली तर कितीतरी पट वेळ. आकडे तेच, बेरजा तितक्याच, मग असे का?

हा प्रश्न मला फार आवडला. परीक्षेत अल्गोरिदमच्या पायऱ्या मोजायला शिकवतात, पण माहिती किती लांबून आणली हे कोणी मोजत नाही.

रॅममधून एकेक आकडा येत नाही. बहुतेक प्रोसेसरांत 64 बाइटचा तुकडा एकदम येतो, त्याला कॅश लाइन म्हणतात. तुमचा आकडा 4 बाइटचा, म्हणजे एका खेपेत 16 आकडे. सीमध्ये ओळीतले आकडे शेजारी-शेजारी असल्याने ओळीने गेलात की सोळाही कामी येतात, शिवाय पुढे काय लागणार हे ओळखून प्रोसेसर ते आधीच मागवून ठेवतो. स्तंभाने गेलात तर दर पावलाला 16 केबीची उडी. सोळांतला एक वापरायचा आणि उरलेल्या पंधरांची पाळी येईपर्यंत तो तुकडा कॅशमधून हाकलला गेलेला.

तुमच्या 4096 ने त्यात भर घातली आहे. कुठला पत्ता कॅशच्या कुठल्या कप्प्यात जायचा हे ठरलेले असते. समजा, 32 केबीच्या कॅशमध्ये 64 कप्पे आहेत आणि प्रत्येकात आठ लाइन. 16 केबीच्या उड्या मारल्या की स्तंभातले सगळे आकडे एकाच कप्प्यावर येऊन आदळतात आणि बाकीचे 63 रिकामे! ओळीची लांबी 4112 करून पाहा, शेवटचे 16 रकाने वापरू नका. प्रत्येक ओळ एक कप्पा पुढे सरकेल आणि स्तंभाची बेरीजही बरीच सुधारेल. तरी खरा उपाय लूपचा क्रम बदलणे हाच.

लिनक्सवर बघावे तेव्हा मोकळी रॅम अगदी थोडी दिसते. रॅम साफ करणारे सॉफ्टवेअर घालू का?

नको. रिकाम्या पडलेल्या रॅममध्ये लिनक्स तुम्ही वाचलेल्या फायली ठेवून देते. प्रोग्रॅमला जागा लागली की त्या लगेच बाजूला होतात. सफाईवाला त्याच फेकून देतो आणि पुढच्या वेळी तुम्हाला पुन्हा एसएसडीकडे पिटाळतो. ‘फ्री’चा आकडा सोडा, ‘अव्हेलेबल’चा पाहा. तोही तळाला असेल आणि स्वॅप (रॅममध्ये न मावणारी माहिती डिस्कवर हलवणे) सतत चालू असेल, तर मात्र रॅम खरोखरच अपुरी आहे.

‘कॅश’चा नोटांशी काही संबंध?

नाही, आपल्याकडे उच्चार सारखा होतो इतकेच. हा शब्द ‘लपवणे’ अशा अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी 1965 मध्ये ही कल्पना ‘स्लेव्ह मेमरी’ या नावाने मांडली. 1968 मध्ये आयबीएमने सिस्टिम/360 मॉडेल 85 हा संगणक जाहीर केला, त्यात ती होती आणि ‘कॅश’ हे नाव तिथून रुळले. 1989 च्या इंटेल 486 प्रोसेसरमध्ये 8 केबी कॅश त्याच्या चिपवरच आली. तेव्हा 4 एमबी रॅमचा पीसी ऐटीत मिरवायचा. तुमच्या 16 जीबीपर्यंत रॅम 4096 पट वाढली, आणि पहिल्या पातळीची कॅश बहुतेक लॅपटॉपांत एका कोअरमागे अजून शंभर-दोनशे केबींच्या आतच आहे.