पुण्यात २५ लाखांत गुंतवणुकीसाठी छोटं ऑफिस घ्यावं, की रीट (भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारतींची मालकी असलेला ट्रस्ट, ज्याचे युनिट शेअर बाजारात घेता येतात)?

माझं मत रीटकडे झुकतं, कारण २५ लाखांत खराडी-बाणेरला मोक्याचं ऑफिस मिळणं अवघड आहे. आडबाजूला गाळा मिळेलही, पण भाडेकरू गेला की तो महिनोन्महिने रिकामा राहू शकतो आणि मेंटेनन्स, मालमत्ता कर तुमच्याच खिशातून जातो. घराला भाडेकरू पटकन मिळतो, ऑफिसला तसा मिळत नाही.

सध्या मोठी मागणी परदेशी कंपन्यांच्या जीसीसींची, म्हणजे त्यांच्या इथल्या तंत्रज्ञान आणि सेवा केंद्रांची आहे. त्यांना मोठे मजले, चांगली पार्किंग, पॉवर बॅकअप लागतो. सुटे गाळे त्यांच्या कामाचे नाहीत. अशा इमारतींत आपल्यासारख्याला शिरायची वाट म्हणजे रीट. एम्बसी (२०१९ मध्ये लिस्ट झालेला देशातला पहिला रीट) आणि माइंडस्पेस यांच्या मालमत्ता पुण्यातही आहेत. नेक्सस सिलेक्ट हा रीट मात्र मॉलवाला आहे. रीटला वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९०% युनिटधारकांना देणं बंधनकारक आहे, किमान ८०% मालमत्ता तयार आणि भाडं देणारी लागते, आणि डीमॅट खात्यातून एक युनिटही घेता येतं. मात्र भाव शेअरसारखा खालीवर होतो, व्याजदर वाढले की विशेषतः.

‘अशुअर्ड रिटर्न’ (ठरलेल्या परताव्याची हमी) सांगून बांधकाम चालू असलेलं ऑफिस विकणाऱ्यांपासून कृपया लांब राहा. गाळाच घ्यायचा असेल तर महारेराच्या साइटवर प्रकल्प तपासा, भोगवटा प्रमाणपत्र बघा, आणि भाडेकराराचा लॉक-इन (भाडेकरूला जागा सोडता येत नाही तो काळ) किती उरलाय ते वाचल्याशिवाय टोकन देऊ नका.