कोलोरॅडोत हरणाच्या शिकारीसाठी भरवशाचा आउटफिटर कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न असा: डेन्व्हरला राहता, एच-१बी व्हिसावर आहात, पुढच्या हंगामात ऑफिसातल्या मित्राबरोबर गाइड घेऊन म्यूल डियर या हरणाच्या शिकारीला जायचंय. तीन आउटफिटरांचे, म्हणजे पैसे घेऊन शिकारीची सगळी सोय करणाऱ्यांचे, दर हाती आलेत, त्यातला एक ‘हरीण मिळण्याची १०० टक्के गॅरंटी’ देतोय. भरवसा कोणावर ठेवायचा?

गॅरंटीवाल्याला आजच नाही सांगून टाका. मोकळ्या डोंगरातलं जनावर कुणाच्या दावणीला बांधलेलं नसतं. ते मिळेलच असं सांगणारा एक तर थाप मारतोय, नाहीतर उंच कुंपणात पाळलेलं जनावर तुमच्यापुढे आणून उभं करणार आहे. टेक्साससारख्या राज्यात अशी कुंपणाची रँचेस पुष्कळ आहेत. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब आजही अशा कुंपणात मारलेल्या जनावराची नोंद आपल्या वहीत घेत नाही. जनावराला निसटायला वाट असेल तरच ती शिकार, असं मीही मानतो.

उरलेल्या दोघांबद्दल सांगण्याआधी माझा पहिला अनुभव सांगतो, कारण माणूस कसा पारखायचा हे मी तिथे शिकलो. मी कोलोरॅडोतच गनिसनच्या बाजूला गेलो होतो. आउटफिटरचे फोटो झकास होते, बोलणं गोड होतं, निम्मी रक्कम मी आगाऊ भरली. कॅम्पवर पोचलो तर आम्ही चार शिकारी आणि गाइड एकच. दुसऱ्या संध्याकाळी, उजेड जाता जाता, आमच्यातल्या एकाने बार काढला. हरीण पाठ वाकवून, पोट आखडून पळालं. पोटात गोळी लागलेलं जनावर असंच पळतं. गाइडने टॉर्च मारून दहा मिनिटं शोधल्यासारखं केलं आणि ‘चुकली गोळी’ म्हणाला. सकाळी आम्ही दोघं तिथे गेलो तर गवतावर रक्त होतं, हिरवट घाण मिसळलेलं. गाइड म्हणाला, आज दुसऱ्या दरीत जायचं ठरलंय, बाकीचे खोळंबलेत. तिसऱ्या दिवशी त्याच उतारावर डोमकावळे घिरट्या घालत होते. ते हरीण कसं मेलं असेल हे माझ्या डोक्यातून आजही जात नाही. गोळी कुणाचीही चुकू शकते. पण नंतर त्याचा माग न काढणं ही चूक नव्हती, तो त्या कॅम्पचा रिवाज होता आणि मी त्याला पैसे दिले होते.

म्हणून आता कुणालाही फोन केला की माझा पहिला प्रश्न असतो: जनावर जखमी होऊन गेलं तर तुम्ही काय करता? आणि मग गप्प बसून ऐकतो. जो खरा आहे तो लगेच तपशिलात शिरतो. किती वेळ थांबतो, पोटात लागलं असेल तर कित्येक तास का थांबतो, बाकीच्या शिकाऱ्यांना कॅम्पवर ठेवून गाइडला मागावर कसा लावतो. बरेच आउटफिटर सांगतात की रक्त सांडलं तर तुमची शिकार झाली असं धरलं जाईल, दुसऱ्या जनावरावर गोळी झाडू देणार नाही. हे ऐकून घाबरू नका, तो नियम मला आवडतो. ‘आमच्याकडे असं होत नाही’ एवढंच उत्तर आलं तर फोन ठेवा. ज्याचं एकही जनावर कधी जखमी होऊन गेलं नाही असा शिकारी मी पाहिलेला नाही. शिवाय कोलोरॅडोच्या नियमांप्रमाणे जखमी जनावराचा माग काढण्याचा वाजवी प्रयत्न करणं आणि खाण्याजोगं मांस वाया न घालवणं ही शिकाऱ्याची जबाबदारी आहे, म्हणजे दंड झाला तर तो तुम्हालाही होऊ शकतो.

दुसरा प्रश्न: गेल्या हंगामात हरीण न मिळता परत गेलेल्या दोघांचे नंबर द्याल का? शिंगं धरून हसणाऱ्यांचे नंबर सगळेच देतात. रिकाम्या हाताने गेलेला माणूस मात्र सांगतो की गाइड पहाटे वेळेवर उठायचा का, घोडी धड होती का, पाचव्या दिवशीही तो मनापासून शोधत होता का. यशाचं प्रमाण सांगितलं तर विचारा, यात हरीण मिळालेले मोजलेत की नुसती गोळी झाडायची संधी मिळालेलेही धरलेत? कागदावर हे दोन्ही आकडे सारखेच दिसतात, प्रत्यक्षात त्यांत फार फरक असतो. आणि एका गाइडमागे किती शिकारी, हे लेखी घ्या. तुम्ही दोघं आहात, दोघांत एक गाइड चालेल. त्यापेक्षा जास्त नको.

आता कागदपत्रं. हे काम घरबसल्या होतं. कोलोरॅडोत पैसे घेऊन शिकारीला नेणाऱ्या आउटफिटरची राज्याच्या नियामक खात्याकडे, म्हणजे डोराकडे नोंदणी लागते. ती चालू आहे का आणि त्याच्यावर कारवाई झालीय का, हे त्यांच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येतं. नोंदणीसाठी किमान १०,००० डॉलरचा हमीचा बाँड आणि विमा लागतो. विम्याची किमान मर्यादा एका माणसाच्या इजेसाठी ५०,००० आणि एका अपघातातल्या सगळ्यांसाठी मिळून १,००,००० डॉलर आहे. डोंगरातल्या हॉस्पिटलचं बिल पाहिलेल्याला कळेल की ही रक्कम फार मोठी नाही, म्हणून ज्याचा विमा याहून जास्त आहे त्याला मी झुकतं माप देतो. लेखी करार कायद्यानेच बंधनकारक आहे. डिपॉझिट कधी परत मिळेल, तारखा, राहणं-खाणं, घोडी, मांस खाली आणायचं काम कुणाचं, सगळं त्यात असू द्या. ‘आपण ओळखीतलेच, कागद कशाला’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

शिकार सरकारी जमिनीवर, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसच्या किंवा बीएलएमच्या (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या फेडरल खात्याच्या) जमिनीवर असेल तर आउटफिटरकडे त्या भागाचं वेगळं परमिट लागतं. त्याची प्रत मागा आणि त्या भागातल्या रेंजर ऑफिसला फोन करून पडताळा. मी असा फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी दोन मिनिटांत खातरजमा करून दिली. खासगी रँच असेल तर मालकाशी केलेला करार विचारा.

हरणाचं लायसन्स आउटफिटर विकत नाही. ते राज्याचं वन्यजीव खातं देतं, आणि कोलोरॅडोत हरणाची लायसन्स मर्यादित आहेत, बहुतेक सोडतीने मिळतात. अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. तुमचं लायसन्स एका ठरावीक विभागाचं असेल, आणि आउटफिटरचं परमिट त्याच विभागातलं हवं. सोडतीत नाव आलं नाही तर डिपॉझिटचं काय होणार, हे आत्ताच विचारून करारात लिहून घ्या. नवख्या लोकांचे पैसे अडकलेले मी पाहिलेत ते बहुतेक याच जागी.

तुम्ही एच-१बीवर आहात, त्यामुळे ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला असलेल्या अपवादांपैकी एक म्हणजे एखाद्या राज्याने दिलेलं वैध शिकारीचं लायसन्स. तेव्हा लायसन्स हातात येईपर्यंत मित्राची रायफल घेऊन रेंजवर नेम धरायलासुद्धा जाऊ नका. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करा (१ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो). मग छोट्या प्राण्यांच्या शिकारीचं वार्षिक लायसन्स काढा. हरणाच्या सोडतीत अर्ज करायलाही असं एक पात्रता-लायसन्स आधी घ्यावं लागतं, म्हणजे तो खर्च वाया जात नाही. तरीही एकदा इमिग्रेशन वकिलाला विचारा. ‘चालतं हो, कोण बघतंय’ असं म्हणणारा आउटफिटर तुमचा व्हिसा पणाला लावतोय.

मांसाचंही बोलून ठेवा. हरणांमधला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (जनावराला खंगवून मारणारा रोग) पहिल्यांदा लक्षात आला तो १९६७ साली फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातच, तुमच्यापासून तासाभरावर. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. डोकं तपासणीला कोण पाठवणार आणि निकाल येईपर्यंत मांस कुठे थंड राहणार, हे ज्याने पाच हंगाम तरी केलंय तो न अडखळता सांगतो.

दुसऱ्या वर्षी मी एका नवराबायकोच्या छोट्या कॅम्पवर गेलो. फोनवर त्या बाईंनीच मला उलट विचारलं, किती यार्डांपर्यंत खात्रीने मारता? मी २०० म्हणालो. त्या म्हणाल्या, मग आम्ही तुम्हाला १५० च्या आत नेऊ, नाही जमलं तर गोळी झाडायची नाही. पाच दिवस नऊ हजार फुटांवर धापा टाकत हिंडलो. दोनदा चांगला नर दिसला, दोन्ही वेळा अंतर जास्त होतं, दोन्ही वेळा गाइडने मान हलवली. हरीण न घेता घरी आलो आणि त्यांच्याकडेच पुढच्या वर्षीचं डिपॉझिट भरलं.

तुमच्या उरलेल्या दोघांना या आठवड्यात फोन करा. हंगाम संपल्यावर त्यांना बोलायला सवड असते. दोघांनाही जखमी जनावराचा प्रश्न त्याच शब्दांत विचारा.