राजीनाम्याचा प्रश्न सध्या बंद

‘नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करावं का?’ असं विचारायला माझ्याकडे येणारे बरेच जण उत्तर मनाशी ठरवूनच येतात. हे गृहस्थ तसे नव्हते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय चाळिशीच्या अलीकडचं. कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासण्याचं काम, पगार वेळेवर. लहान वर्कशॉपना मायक्रोमीटर, व्हर्नियर, प्रेशर गेज तपासून द्यायची स्वतःची सेवा काढायची होती. सुट्टीच्या दिवशी थोडी कामं करतही होते. तक्रार मात्र झोपेची.

त्यांनी एक वही दाखवली. प्रत्येक पानावर मधोमध रेघ, डावीकडे ‘सोडावी’, उजवीकडे ‘सोडू नये’. पानं उलटत गेले तशी शाई बदलत होती, मुद्दे तेच. ‘वय वाढतंय.’ ‘गृहकर्ज.’ दोन कामांनी माणूस दमतोच, पण यांना जास्त दमवत होतं ते तिसरं काम: एकच निर्णय रोज रात्री नव्याने घ्यायचा.

म्हणून आधी एक तारीख ठरवली, सहा महिन्यांनंतरची. पत्नीलाही सांगितली. तोवर राजीनाम्याचा विषय बंद. मनात आलाच तर ‘त्या दिवशी बघू’. ऐकायला बाळबोध वाटतं, त्यांनाही वाटलं. पण चिंतेला वेळ नेमून द्यायचं तंत्र मानसोपचारात १९८०च्या दशकापासून वापरात आहे. तिथे रोजचा अर्धा तास असतो, आम्ही तारीखच नेमली.

‘मॅडम, उडी मारल्याशिवाय पोहता येत नाही म्हणतात,’ ते म्हणाले. हे वाक्य मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं. पण ‘निर्मा’चे करसनभाई पटेल १९६९मध्ये पावडर विकू लागले तेव्हा सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि पुढची काही वर्षं नोकरीतच राहिले. रॅफी आणि फेंग या संशोधकांनी २०१४मध्ये अमेरिकेतल्या माहितीवरून दाखवलं, की नोकरी सांभाळून सुरुवात करून मग पूर्णवेळ झालेल्यांना धंदा सोडावा लागण्याचा धोका थेट उडी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. कारण सरळ आहे. अर्धवेळात आपला अंदाज कुठे चुकतोय ते कळतं, आणि जमत नसेल तर मुकाट्याने मागे फिरता येतं.

मग वहीत दुसरंच लिहायला सांगितलं: कोणी पैसे दिले, आणि कोणी पुन्हा बोलावलं. ओळखीचे लोक पहिल्यांदा भिडेखातर काम देतात. अनोळखी माणूस पैसे मोजून दुसऱ्यांदा बोलावतो, तो पुरावा. शिवाय दोन रेषा आधीच आखून ठेवल्या: घरखर्चाची किती महिन्यांची शिल्लक जमली तर सोडायची, आणि किती कमी गिऱ्हाइकं परत आली तर हा नाद बंद. ही दुसरी रेषा सहसा कोणी आखत नाही. त्यांनीही कुरकुर केली.

झोपेचं खरं कारण तिसऱ्या बैठकीत निघालं. एका रविवारी कंपनीचे स्लिप गेज (उपकरणं ज्यांच्याशी ताडून पाहतात ते अचूक मापाचे ठोकळे) घरी आणून त्यांनी बाहेरचं काम उरकलं होतं, सोमवारी परत जागेवर. तपासणीच्या दाखल्याला किंमत येते ती ज्या मापाशी ताडून पाहिलं, त्याच्याच प्रमाणपत्रामुळे; म्हणजे हे कंपनीच्या नावावर कमावत होते. त्यातून दोन गिऱ्हाइकं कंपनीचेच पुरवठादार. नेमणूकपत्रात काय लिहिलंय, विचारलं. ते आठवत नव्हतं. मी वकील नाही, पण आपलं पत्र काढून वाचायला वकील लागत नाही. परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करायचा नाही, असं त्यात स्पष्ट होतं.

बाहेरची कामं त्यांनी थांबवली आणि लेखी परवानगी मागितली. माझ्या मते इथे लपवाछपवी कामाच्या तासांपेक्षा जड होती. परवानगी मिळाली, अट एकच: कंपनीच्या पुरवठादारांकडे जायचं नाही. तेच दोघं सगळ्यांत मोठे होते, सोडले. साठवणीतून स्वतःचा, प्रमाणपत्रासह, गेजचा संच घेतला. ठरलेल्या तारखेला परत आलेली गिऱ्हाइकं दुसऱ्या रेषेच्या वर होती, शिल्लक मात्र पहिल्या रेषेच्या बरीच अलीकडे. पुढची तारीख त्यांनी वर्षानंतरची घातली आहे.