वायपर फिरतो पण काचेवर पाणी येत नाही, पंप बदलू का?

प्रश्न : नमस्कार दादा. माझ्याकडे २०१२ ची पिकअप आहे. नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटो भरायचे, रात्री आळेफाटा, ओतूर करत माळशेज उतरायचा आणि कल्याणमार्गे वाशीला माल टाकायचा हे आपलं रोजचं काम. गेल्या महिन्यापासून काचेवर पाणी उडत नाहीये. वायपर फिरतो, टाकी भरलेली आहे पण दांडी ओढली की काहीच होत नाही. पहाटे माल खाली करून परत निघतो तर कल्याण सोडल्यावर सूर्य बरोब्बर तोंडावर येतो आणि धुळीच्या काचेतून समोरचं सगळं पांढरं दिसतं. परवा मुरबाडच्या अलीकडं एक सायकलवाले बाबा अगदी जवळ गेल्यावर दिसले, अजून अंगावर काटा येतो. एका गॅरेजवाल्यानं टाकी, पंप, पाईप सगळं बदलायचे दीड हजार सांगितले. पंप आपला आपण घरी बदलता येईल का?
(एक पिकअपचालक, ता. जुन्नर)

उत्तर : भाऊ, सायकलवाल्या बाबांचं वाचून मलाही धस्स झालं. त्यामुळं सगळ्यात आधी एक सांगतो, पंप बदलून होईपर्यंत दोन लिटरची पाण्याची बाटली आणि स्वच्छ सुती फडकं सीटखाली ठेवा आणि वाशीहून निघताना, ऊन तोंडावर यायच्या आधी एकदा थांबून काच बाहेरून पुसून घ्या, आणि आतूनसुद्धा पुसा कारण आतल्या काचेवर जो धुरकट थर बसतो तो उन्हात बाहेरच्या धुळीइतकाच त्रास देतो. आणि कोरड्या काचेवर वायपर अजिबात फिरवू नका, धुळीतली बारीक वाळू रबराखाली अडकते आणि काचेवर कायमच्या रेघा उठतात, मग नवीन पंप टाकूनही उन्हात त्या रेघा चमकतच राहतात.

आता पंपाचं. घरी बदलता येतो, बिनधास्त बदला. पण आधी पंपच गेलाय का ते बघा, कारण पाणी येत नाही म्हटलं की सगळे थेट पंप विकत आणतात आणि नवीन पंप लावूनही पाणी येत नाही, मग कळतं की नळी उंदरानं कुरतडलेली होती. हे मी फार वेळा बघितलंय. मार्केटला उभ्या राहणाऱ्या गाड्यांना तर उंदरांचा त्रास असतोच.

इंजिन बंद ठेवा, फक्त चावी ऑन करा. पोराला आत बसवा आणि त्याला दांडी ओढायला सांगा, तुम्ही बॉनेट उघडून टाकीजवळ कान लावा. पंप म्हणजे काय तर १२ व्होल्टची छोटी मोटर, तिच्या खाली पाणी ढकलणारा छोटा पंखा, आणि हे सगळं टाकीच्या खालच्या बाजूला एका रबरी बुचात दाबून बसवलेलं असतं, बस इतकंच. त्याचा घुंईंई असा आवाज आला तर मोटर जिवंत आहे. मग पंपाच्या तोंडावरची नळी काढा, खाली डबा धरा आणि परत दांडी ओढायला लावा. पाण्याची जोरदार धार आली तर पंप ठणठणीत आहे, दुखणं वर आहे, म्हणजे नळी कुठंतरी फाटलीय किंवा दबलीय, मधला नॉन-रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी मागं न येऊ देणारी झडप, चोक झालाय, किंवा नोझल, म्हणजे काचेवर पाणी उडवणारं तोंड, क्षारानं बुजलंय. धार मंद आली तर पंपाच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते तिच्यात टाकीतला गाळ आणि शेवाळ बसलंय असं समजा. जाळी काढून जुन्या टूथब्रशनं धुवायची, टाकी दोनदा विसळायची, पैसा लागत नाही.

एक मात्र करू नका. नळी चोक झाली की लोक तोंड लावून पाणी ओढतात किंवा फुंकतात. त्या टाकीत महिनोन्महिने उन्हात तापलेलं पाणी असतं भाऊ. ब्रिटनमधे २०१० साली तिथल्या संशोधकांनी वॉशरचं पाणी आणि लिजनेअर्स नावाचा जो एक न्यूमोनिया आहे त्याचा संबंध दाखवला होता, वॉशर फ्लुइड, म्हणजे काच धुवायचं बाटलीतलं औषध, न घालता नुसतं पाणी भरणाऱ्या चालकांना धोका जास्त दिसला. तेव्हा फुंकायचंच असेल तर सायकलचा हवेचा पंप वापरा, आणि तोही नोझलपासून सोडवलेल्या नळीत.

आता आवाजच येत नसेल तर. तुमच्या पत्रावरून मला तसंच वाटतंय. वायपर चालतोय म्हणजे बऱ्याच गाड्यांत फ्यूज ठीक असतो कारण दोघांना एकच फ्यूज असतो, पण काही गाड्यांत वेगळा असतो म्हणून फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचं चित्र बघून खात्री करा. मग पंपाचा कपलर, म्हणजे पंपाला वायरी जोडणारा प्लग, काढा. पिना हिरव्या पडल्यात का बघा, पाणी आणि चिखल तिथं कायम उडतो त्यामुळं गंज धरतोच, पॉलिश पेपरनं घासून परत लावून बघा, निम्म्या वेळा इथंच काम होतं. नाही झालं तर टेस्ट लॅम्प घ्या, म्हणजे १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, आणि तो कपलरच्या दोन पिनांमधे लावून पोराला दांडी ओढायला लावा. इथं लोक हमखास चुकतात, एक टोक पिनेला आणि दुसरं बॉडीला लावतात. काही गाड्यांत स्विच अर्थच्या, म्हणजे बॉडीला जाणाऱ्या निगेटिव्ह वायरीच्या, बाजूला असतो, म्हणजे एका वायरीत चावी ऑन केल्याबरोबर करंट असतोच आणि दांडी ओढली की दुसरी वायर अर्थ होते, अशा गाडीत बॉडीला लावून लॅम्प पेटला तरी स्विच किंवा अर्थ खराब असू शकतो. म्हणून दोन्ही पिनांमधेच लावायचा. पेटला आणि पंप तरी गप्प, तर पंप गेला, निकाल लागला. पेटला नाही तर पंपाला हात लावू नका, दांडीचा स्विच किंवा वायरिंग बघावं लागेल आणि ते काम वायरमनला द्या.

बरेच दिवस न वापरलेला पंप कधीकधी आत जाम होतो. पोर दांडी ओढत असताना स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पंपावर हलकं टकटक केलं तर फिरायला लागतो, पण त्याच्यावर भरवसा ठेवून घाट उतरू नका, तो परत अडकणार.

पंप गेलाय हे नक्की झालं की जुना पंप काढून तोच घेऊन दुकानात जा. नुसतं मॉडेल सांगू नका. वरून एकसारखे दिसणारे पंप असतात पण बुचात जाणारं तोंड जाड-बारीक असतं, नळीचं टोक वेगळ्या बाजूला असतं, आणि मोठ्या ट्रकचे पंप २४ व्होल्टचे असतात, तो चुकून मिळाला तर तुमच्या १२ व्होल्टवर रडतरडत फिरेल आणि तुम्हाला वाटेल नवीन पंप डुप्लिकेट निघाला. पंप काही शे रुपयांत मिळतो. टाकीला चीर नसेल तर टाकी कशाला बदलायची? त्याच्या ऐवजी ते रबरी बूच, ग्रोमेट म्हणतात त्याला, ते पंपाबरोबर नवीनच घ्या. बारा-तेरा वर्षांत रबर कडक होतं आणि नवीन पंप जुन्या बुचात बसवला की दोन दिवसांत टाकी रिकामी, थेंबथेंब गळून. मग लोक सिलिकॉन थापतात, ते टिकत नाही आणि पुढच्या वेळी पंप काढणं अवघड होऊन बसतं.

काढताना चावी काढून ठेवा. पंप तळाशी आहे म्हणजे तो ओढला की सगळं पाणी अंगावर येणार, आधी नळी टाकून टाकी उपसा किंवा खाली बादली धरा. कपलर काढा, नळी काढा. नळी कडक झाली असेल तर ओढाओढ नको, प्लास्टिकचं टोक तुटतं, गरम पाण्यात भिजवलेलं फडकं दोन मिनिटं गुंडाळा म्हणजे सुटते. मग पंप हातानंच हलवत हलवत बाहेर घ्या, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलं तर टाकीचं भोक चिरतं आणि मग मात्र खरंच टाकी लागेल. जुनं बूच काढा, भोकाची कड पुसा, आतला गाळ धुवा. नवीन बूच आधी टाकीत बसवायचं, मग त्यात पंप. दोन्हीला पाणी किंवा साबणाचं एखादं बोट लावा, ऑइल-ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. पंप दाबल्यावर आत गेल्याचं हाताला कळतं. बाकी काही जोडायच्या आधी अर्धी टाकी भरून पाच मिनिटं बुचाकडं बघत बसा, घाई करू नका.

कपलर जुळत नसेल आणि वायरी कापून जोडाव्या लागल्या तर दोन्ही जोड सोल्डर करून वर स्लीव्ह घाला, नुसती पिळून टेप मारली तर एका पावसाळ्यात गंजेल. जोडल्यावर पंप वाजतोय पण धार मरतुकडी असेल तर त्या दोन वायरी अदलाबदल करून बघा, मोटर उलटी फिरत असेल. आणि टाकी रिकामी असताना दांडी ओढत बसू नका, आतल्या सीलला पाण्याचाच ओलावा लागतो, कोरडा चालवला की नवीन पंपही जातो. सलग पाच-सात सेकंद ओढा, सोडा, परत ओढा.

प्रश्न : टाकीत कपड्याची पावडर घातली तर चालते का? आमच्याकडं बोअरचं पाणी आहे. (एक वाचक, ता. सिन्नर)

उत्तर : पावडर नको. फेस काचेवर वाळतो, आणि बोअरच्या जड पाण्यात साबण फुटून त्याचा चिकट गाळ होतो, तो जाळीत आणि नोझलमधे जाऊन बसतो. कार वॉशर फ्लुइड बाटलीवर लिहिलंय तितकंच घाला. बोअरचंच पाणी भरत राहिलात तर नोझल पांढरं पडणार. घरी आरओ असेल तर शुद्ध झालेलं पाणी वापरा, त्याचं वाया जाणारं पाणी बरेच जण टाकीत ओततात पण उलट त्याच्यातच क्षार जास्त असतात. पावसाचं गाळलेलं पाणी चांगलं. नोझल आधीच बुजलं असेल तर सोडवून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमधे ठेवा, क्षार विरघळतो, मग साध्या पाण्यानं धुऊन बसवा.

प्रश्न : पाणी येतं पण काचेच्या वरून टपावर उडतं. (एक वाचक, फलटण)

उत्तर : नोझलमधे गोळी असते ती बारीक टाचणीनं हळूच खाली वळवा. गाडी उभी असताना धार काचेच्या मधोमध, किंवा मधापेक्षा थोडी वर पडली पाहिजे, कारण गाडी पळायला लागली की वारा धार खाली दाबतो. टाचणी जोरात दाबू नका, भोक मोठं झालं तर धार पसरते आणि नोझलच बदलावं लागतं.